आ करा, सिनेमा सांगतो

माझा मुलगा दातांचा डॉक्टर आहे आणि त्याला एक वाईट खोड आहे. समोरच्याचं तोंड बंद असेल तर हा मुका, आणि समोरच्याचं तोंड उघडलं की ह्याचंही उघडतं. घरात विचारावं, "जेवलास का?" तर नुसती मान. "डोकं दुखतंय का?" मान. बायकोशी मानेनं, माझ्याशी मानेनं, दारावर कोणी आलं तर त्याच्याशीही मानेनंच. पण पेशंट एकदा खुर्चीत आडवा झाला, गालात कापूस बसला, लाळ ओढायची नळी ओठाला अडकली आणि ह्याची दोन बोटं आत गेली, की हा खुलतो.

"आ करा. अजून मोठा. हां. तर परवा मी एक सिनेमा पाहिला."

दर शुक्रवारी दुपारी दवाखान्याला कुलूप लावून हा नव्या सिनेमाला जातो. एकटा. मग शनिवारपासून गुरुवारपर्यंत जो कोणी दात घेऊन येईल, त्याला तो सिनेमा ऐकावा लागतो. नुसती गोष्ट सांगितली असती तर मी काही म्हटलं नसतं. हा मत सांगतो. कुठं चुकलं, कोणी वाईट काम केलं, काय कापायला हवं होतं, सगळं.

मी बाहेर टेबलाशी बसते आणि वही सांभाळते. मधे प्लायवुडची भिंत आहे, म्हणजे असून नसल्यासारखी. मी तिसरीपर्यंत शिकले, पण माझ्या वहीत आजवर चूक सापडलेली नाही. मी नावं लिहीत नाही. "इस्त्रीवाला, खाली उजवीकडची." "शिंपीण, कवळी." एका नावाची दोन माणसं निघतात, एका दाढेची निघत नाहीत.

तर त्या भिंतीतून मला वीस वर्षं सिनेमे ऐकू येतायत.

"हीरोला छत्तीस ठोसे बसले. मी मोजले. त्यातले एकवीस जबड्यावर. आणि शेवटी हसतो तेव्हा बत्तीसच्या बत्तीस जागेवर! आपल्याला काय खुळं समजतात का? बरोबर ना?"

"आं आं," पेशंट म्हणतो.

"तुम्हालाही खटकलं ना! आता डावीकडे वळा."

किंवा, "ऐंशी वर्षांची म्हातारी, डोंगरात एकटी राहते, पायात काही नाही. रडायला तोंड उघडते तर आत नवी कोरी कवळी, वर-खाली दोन्ही. मी तिथंच उठणार होतो."

किंवा, "ती दोघं चारदा भेटतात आणि चारही वेळा तिच्या हातातली पुस्तकं खाली पडतात. अहो, पाचव्यांदा पिशवी आणेल की नाही माणूस? बरोबर ना?"

"आं."

वीस वर्षांत ह्याच्या एकाही मताला कोणी विरोध केलेला नाही. करणार कसा? गावातली सगळी माणसं आपल्याच मताची आहेत, अशी ह्याची पक्की समजूत झालेली. सून आत नळी धरून उभी असते. तिला प्रत्येक सिनेमा दिवसातून दहा-अकरा वेळा ऐकावा लागतो. लग्न होऊन आली तेव्हा तिला सिनेमाची आवड होती म्हणे. आता सिनेमाचा विषय निघाला की तिचा हात आपोआप नळीकडे जातो.

हे सगळं चाललं होतं तसं चाललं असतं. पण बँकेतला कॅशिअर आला.

त्याची वरची दाढ किडलेली. शनिवारची सकाळ होती. आदल्या दिवशी ह्यानं खुनाचा सिनेमा पाहिलेला. अर्धी कीड कोरून झाली आणि हा म्हणाला, "खून कोणी केला ते शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत कळत नाही. मला मात्र मध्यंतरालाच कळलं."

आतून पाय आपटल्याचा आवाज आला. कॅशिअर जोरजोरात मान हलवत होता. सुनेनं नंतर सांगितलं, त्यानं शर्टाच्या खिशातून दोन तिकिटं काढून ह्याच्या डोळ्यांपुढं नाचवली. त्याच संध्याकाळची, त्याची आणि बायकोची.

"अरे वा, तुम्ही जाणार आहात?" माझा मुलगा म्हणाला. "मग तर सांगायलाच हवं. नाहीतर तीन तास चुकीच्या माणसावर संशय घेत बसाल. माळ्यानं केलाय."

कॅशिअरला ओरडायची सोय नव्हती. तो चावला.

ट्रे पडला, चिमटे पडले, हा बोट धरून नाचला, आणि कॅशिअर गळ्यातलं फडकं तसंच ठेवून अर्ध्या कोरलेल्या दाढेनिशी बाहेर गेला. तो माझ्यासमोरून जात असताना मी म्हटलं, "पुढची तारीख लिहू का?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन्सिल खाली ठेवली.

बरं, माणसानं घरी बसावं की नाही? तो तसाच सिनेमाला गेला. तिकिटं होती ना. दाढेतली भूल उतरलेली, ठणका लागलेला, आणि पडद्यावर माळी आला की त्याच्या तोंडून आपोआप "आई गं" निघायचं. माळी झाडांना पाणी घालतोय, आई गं. माळी फाटक उघडतोय, आई गं. पाचव्या वेळेला सगळ्या थिएटरला खुनी कोण ते कळलं. मागच्या रांगेतल्यांनी त्याला धरलं, तेव्हा त्यानं हात जोडून खरं काय ते सांगितलं. म्हणजे तीनशे माणसांना एका संध्याकाळी माझ्या मुलाचा पत्ता कळला. राहिलेल्यांना सोमवारी बँकेच्या खिडकीतून कळला.

रस्त्यापलीकडे वर्षभरापूर्वी एक काचेचा दवाखाना उघडलाय. बाहेरून सगळी काच, आत सगळं पांढरं. खुर्चीत झोपलं की वर छताला टीव्ही, आणि त्याचा आवाज बंद. लोक आता तिकडे जाऊ लागले. माझ्या वहीत रोज अकरा ओळी असायच्या, त्या पाच झाल्या, मग तीन झाल्या. एके दिवशी दोन झाल्या, आणि त्यातला एक पोस्ट ऑफिस कुठं आहे ते विचारायला आलेला. मी त्यालाही लिहून घेतलं.

इतकं होऊनही ह्याची खोड गेली नाही. उलट वाढली. त्याच सुमारास ह्यानं तो कुलूपवाल्याचा सिनेमा पाहिला.

एरवी ह्याचा सिनेमा गुरुवारी संपतो. हा संपेचना. एक म्हातारा असतो, कुलपं दुरुस्त करणारा. आख्ख्या गावाची कुलपं उघडून देतो. त्याची बायको घरातल्या एका खोलीला कुलूप लावून मरून गेलेली असते. आणि हा म्हातारा, ज्याला कुठलंही कुलूप दोन मिनिटांत उघडता येतं, तो रोज त्या दारासमोर येऊन बसतो आणि उघडत नाही. झालं. एवढाच सिनेमा. तीन तास. हा तीनदा बघून आला.

पण सांगायचा असा की काय सांगू. म्हाताऱ्याच्या हातावरचं तेल, बायकोची काठी अजून कोपऱ्यात कशी उभी आहे, बाहेर कोणाचं तरी कुलूप उघडल्याचा टक् आवाज आला की म्हातारा कसा दचकतो. आणि शेवटी म्हातारा खिशात हात घालतो, आणि चावी त्याच्याच खिशात असते. पहिल्या दिवसापासून. तो ती बघतो, उंबऱ्यावर ठेवतो, आणि आत जाऊन दोन कप चहा टाकतो. "दोन कप," हा म्हणायचा आणि गप्प व्हायचा, ड्रिलसुद्धा थांबायचं. दर वेळी इथं सुनेचे डोळे भरून यायचे आणि नळी पेशंटच्या नाकात जायची.

मी भिंतीला पाठ लावून बसलेली असायची. मला असल्या गोष्टींनी काही होत नाही. पण दोन कप म्हटलं की माझी पेन्सिल थांबायची, हे खरं आहे.

मग तो काचवाला डॉक्टर आला. स्वतः आला, चालत, रस्ता ओलांडून. हाच पोरगा आठ वर्षांपूर्वी माझ्या मुलाकडे चिमटा कसा धरायचा ते शिकला.

"सर," तो म्हणाला, "आमच्याकडे हात कमी पडतायत. तुम्ही चार ते आठ येऊन बसा की. कोट आम्ही देऊ."

सर म्हणाला, तेवढीच काय ती लाज ठेवली. कोटाच्या खिशावर त्याच्या दवाखान्याचं नाव शिवलेलं असतं, मी पाहिलंय. माझ्या मुलानं मान हलवली. त्या मानेचा अर्थ हो की नाही, ते त्याला कळलं नाही आणि मलाही नाही.

"विचार करून सांगेल," मी म्हटलं आणि दार दाखवलं.

आता आशा एकच उरली होती. चौकातल्या शाळेत तीनशे चाळीस मुलं आहेत. दर वर्षी सगळ्यांचे दात तपासायचे आणि लागेल ते काम करायचं. आधीच्या डॉक्टरांचे हात थरथरायला लागले म्हणून त्यांनी काम सोडलं. नवा डॉक्टर कोण, ते शाळेच्या मोठ्या बाई ठरवणार होत्या. मोठ्या बाईंनी निरोप धाडला, "बुधवारी येते. आधी माझी दाढ करा. ती कशी करता ते बघून मुलांचं ठरवीन." काम मिळालं तर दवाखाना उभा राहणार, नाही मिळालं तर कुलूप, आणि माझा मुलगा रस्त्यापलीकडे दुसऱ्याचं नाव छातीवर लावून.

सोमवारी मी त्याला पुढ्यात उभं केलं.

"बुधवारी सिनेमा नाही."

मान.

"मान नको. तोंडानं सांग."

"नाही सांगणार, आई."

"तुझ्या तोंडावर माझा भरवसा नाही. सूनबाई, कापूस आण."

मी दोन बोळे केले आणि त्याच्या दोन्ही गालांत बसवले, पेशंटला बसवतात तसे. वर मास्क लावला. बाहेरून काही म्हणता काही दिसेना. "बोल बघू," मी म्हटलं. तो म्हणाला, "उं." मला फार बरं वाटलं. सून तोंडाला पदर लावून आत निघून गेली, हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही.

मंगळवारी रंगीत तालीम म्हणून इस्त्रीवाल्याला बोलावलं. जुना पेशंट, खाली उजवीकडची. तो आडवा झाला, तोंड उघडलं आणि सिनेमाची वाट बघत राहिला. काहीच येईना. माझा मुलगा दिव्याच्या उजेडात त्याच्या दाढेकडे बघतोय, गंभीर, आणि चकार शब्द नाही. पाच मिनिटं गेली. इस्त्रीवाल्यानं हात वर केला, नळी बाजूला केली.

"डॉक्टर, काय झालंय मला?"

"उं."

"वाईट आहे का?"

माझ्या मुलानं मान हलवली. त्याला म्हणायचं होतं, काही नाही झालेलं. पण ह्याची मान कशीही हलली तरी माणसाला आपल्या मनातलंच दिसतं.

इस्त्रीवाला उठून बाहेर आला. चेहरा पार उतरलेला. "काकू," तो मला म्हणाला, "तुमची साडी कपाटात वरच्या खणात आहे, कडक इस्त्री केलेली. माझ्या बायकोकडून मागून घ्या. मी नसलो तरी ती देईल."

"अरे, कुठं चाललास?"

"आता काय सांगू," म्हणून तो गेला. संध्याकाळपर्यंत त्याचा भाऊ आला, बहीण आली, मेहुणा रजा टाकून आला. इस्त्रीवाल्यानं दुकान भावाच्या हवाली करायची भाषा सुरू केली, तर भाऊ आणि मेहुणा दुकानावरूनच भांडायला लागले. शेवटी मला जाऊन सगळ्यांसमोर सांगावं लागलं की ह्याला काहीही झालेलं नाही, दाढ किडलीय, बाकी ठणठणीत आहे. बहीण मला म्हणाली, "मग डॉक्टर गप्प का होते?" मी काय सांगणार? "त्यांच्या तोंडात कापूस होता" असं सांगू?

शहाण्या माणसानं इथंच थांबायला हवं होतं. सून म्हणालीही, "आई, कापूस नको. लोकांना त्यांच्या बोलण्याची सवय झालीय."

"तू नळी धर," मी म्हटलं.

बुधवारी मोठ्या बाई बरोबर दहाला आल्या. ताठ, करड्या, हातात काळी पर्स. त्यांनी आधी खुर्चीवरून बोट फिरवून धूळ पाहिली. नव्हती. मग माझी वही पाहिली. "ही पद्धत बरी आहे," म्हणाल्या. मी मनात म्हटलं, हिला अक्कल आहे.

पाऊण तास आतून ड्रिलशिवाय आवाज नाही. मोठ्या बाई इस्त्रीवाल्यासारख्या भित्र्या नव्हत्या. त्यांना शांतता आवडत होती, वर्गात जन्म गेलेला. माझ्या मुलाचे हात फार चांगले आहेत, हे मी आई म्हणून सांगत नाही. बाईंनी चूळ भरली, दात एकमेकांवर दाबून पाहिले, आणि म्हणाल्या, "कमाल आहे. दुखलंच नाही."

मी आत गेले. त्यांनी पर्समधून कागद काढला, पेनाचं टोपण काढलं. कागद शाळेचा, शिक्का मारलेला. फक्त सही राहिलेली.

"शनिवारपासून पहिलीचे वर्ग पाठवते," त्या म्हणाल्या. आणि पेन कागदावर टेकवता टेकवता, हसून, उगाच आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या, "तुम्हाला सिनेमाचा नाद आहे म्हणे. बँकेत ऐकलं."

"होता," मी म्हटलं. "गेला."

"अहो, असेना. मीही बघते की. परवाच तो कुलूपवाल्याचा बघितला. काय तो कंटाळा! तीन तास एक म्हातारा दाराकडे बघतोय. मी तर मध्येच झोपले."

माझ्या मुलाचा चेहरा मास्कमध्ये होता, पण कान दिसत होते. ते लाल झाले.

"भिकार," मी घाईनं म्हटलं. "अगदी भिकार सिनेमा."

"तुम्ही बघितला?"

"बघायला कशाला हवा? कळतं."

तेवढ्यात त्यानं मास्क खाली केला, एक बोट तोंडात घातलं, डावा बोळा काढला, उजवा काढला, आणि दोन्ही नीट ट्रेमध्ये ठेवले. मोठ्या बाई त्या बोळ्यांकडे बघत राहिल्या.

"झोपलात?" तो म्हणाला.

"झोपले."

"कुठं झोपलात? काठीच्या आधी की नंतर?"

"कुठली काठी?"

"म्हणजे आधी. तुम्ही काठी बघितली असती तर झोपला नसतात. त्या सिनेमात एक क्षणही जास्तीचा नाही. बरोबर ना?"

सवयीनं विचारलं त्यानं. आणि मोठ्या बाई म्हणाल्या, "नाही."

त्या खोलीत वीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी नाही म्हणालं.  पुढं काय बोलायचं असतं ते माझ्या मुलाला माहीतच नव्हतं. तो इकडं तिकडं बघायला लागला, मग त्यानं आरसा उचलला, दिवा लावला आणि अगदी काकुळतीनं म्हणाला, "बाई, जरा आ करा."

"का? दाढ झाली ना?"

"झाली. पण आ करा."

"मी नाही करणार. मला सांगा, तो म्हातारा दार का उघडत नाही? कुलूपवाला आहे ना तो? मूर्खपणा आहे नुसता."

"मूर्खपणा नाही," माझी सून म्हणाली.

मी वळून पाहिलं. सूनबाई. हातात नळी, नळी चालू, आवाज येतोय. बारा वर्षांत त्या खोलीत तिनं "थुंका" ह्यापलीकडे शब्द काढलेला नव्हता.

"तुम्ही झोपलात म्हणून तुम्हाला शेवट दिसला नाही, बाई," ती म्हणाली. "चावी त्याच्या खिशातच असते. पहिल्यापासून. त्याला उघडायचं नसतं. उघडलं की ती गेली हे खरं होतं. तो चावी उंबऱ्यावर ठेवतो आणि चहा टाकतो. दोन कप." आणि ती रडायला लागली. नळी हवा ओढत राहिली.

मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण लावलं. पण उठल्या नाहीत. बाई वाईट नव्हती, हे मी कबूल करते. त्या समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, एवढं मनाला लावून घेऊ नका. मला लहान मुलांशी वागणारा माणूस हवाय, हट्ट करणारा नको. तुम्ही एवढंच म्हणा की शेवटचा अर्धा तास कमी करता आला असता. झालं, मी सही करते."

मी त्याच्याकडे पाहिलं. मी आयुष्यात कोणापुढं हात जोडलेले नाहीत. त्या दिवशी बाईंच्या पाठीमागं उभी राहून मी माझ्या मुलापुढं जोडले.

त्यानं विचार केला. खरंच केला, कपाळावर आठ्या घालून, मनातल्या मनात तो अर्धा तास पुन्हा बघितला असणार.

"नाही हो, बाई," तो म्हणाला. "पाच मिनिटंसुद्धा नाही."

सिनेमात अशा वेळी मोठ्या बाईंचे डोळे पाणावतात, आणि त्या म्हणतात, असा खरा माणूसच मला हवा होता. मी तेवढ्यासाठी थोडी थांबले. मोठ्या बाईंनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, माझ्या टेबलावर दाढेचे मोजून ठेवले आणि रस्ता ओलांडून समोर गेल्या. काच असल्यानं त्या आत बसलेल्या मला इथूनही दिसल्या. सही करताना दिसल्या.

गुरुवारी काचवाल्यानं कोट पाठवला. शनिवारी चारला या, असा निरोप. कोट बरोबर मापाचा होता, हे मला जास्त लागलं. सुनेनं तो दाराच्या मागं अडकवला, नाव भिंतीकडे करून. त्या दिवशी वहीत एकही ओळ नव्हती. मी तरी तारीख घातली आणि खाली रेघ मारली.

शुक्रवारी दुपारी हा चपला घालून दाराशी उभा राहिला. नेहमीसारखा. मला वाटलं उचलून काहीतरी फेकून मारावं.

"कुठला?" मी विचारलं.

"तोच. आज शेवटचा दिवस आहे त्याचा."

"थांब. मी येते. ज्याच्यापायी घर बसलं, तो बघू तरी दे."

सूनही निघाली. तिनं मोठा रुमाल घेतला. बारा वर्षांत आम्ही तिघं मिळून पहिल्यांदा कुठं गेलो असू, तर हे.

थिएटरात आम्ही धरून सात माणसं. मी मधे बसले, एका बाजूला हा, एका बाजूला ती. अंधार झाला. म्हातारा आला. दारासमोर बसला. मी हातावरचं तेल शोधत होते. पुढं बसलेल्या माणसाचं टक्कल चकाकत होतं, म्हाताऱ्याचे हात कोरडे दिसत होते. म्हातारा उठला, बसला. बाहेर पाऊस का काहीतरी पडला. म्हातारा बसला. एक कोपरा दिसला, काळोखा. "काठी," हा माझ्या कानात म्हणाला. मला झाडू वाटला. कुलूप उघडल्याचा आवाज मी वाट बघून बघून ऐकला, पण तो सुनेच्या पर्सचा निघाला. माझे पाय बधिर झाले. पुढचं टक्कल एका बाजूला कललं आणि घोरायला लागलं.

मग म्हातारा उभा राहिला. सून सावरून बसली, रुमाल उघडला. म्हाताऱ्यानं दाराकडे पाहिलं, आणि पडदा काळा झाला, आणि नावं वर सरकायला लागली.

 सुनेनं कोरडा रुमाल घडी घालून पर्समध्ये टाकला.

"चावी कुठंय?" मी विचारलं.

"खिशात होती." ह्याचे डोळे पाण्यानं भरलेले.

"दाखवली कुठं?"

"त्याचा हात खिशाकडे गेला ना, आई. बघितला नाहीस?"

"खाजवायला गेला होता."

"नाही गं. ती त्याला तिथं लागते. कळतं ते."

"आणि चहा?"

"पडदा काळा होतो ना, त्यानंतर तो आत जातो."

"दोन कप?"

"दोनच," तो म्हणाला. "एक कसा टाकेल?"

दिवे लागले. टक्कलवाला दचकून जागा झाला. मी गुडघ्यावर हात देऊन उठले, पदर नीट केला. आजवर ह्याच्या मताला मी भिंतीपलीकडून कधी उत्तर दिलेलं नव्हतं. आता मधे भिंत नव्हती, आणि त्याचं तोंडही बंद होतं. म्हटलं, ऐकून घे बाबा एकदाचं.

"मोठ्या बाई खरं बोलत होत्या," मी त्याला म्हटलं, सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं. "सिनेमा भिकार आहे. तू सांगतोस तो चांगला आहे, गाढवा, फार चांगला आहे. पण तो कुठं लागलेलाच नाही, आणि त्याच्यापायी तू दवाखाना घालवलास."